वृद्धाश्रमातल्या एका आजीला वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी वृद्धाश्रमात राहते. त्याआधी आयुष्यभर परिचारिका होते, त्यामुळे खाटेच्या दोन्ही बाजू माझ्या ओळखीच्या आहेत. भेटायला येणारी मंडळी, नव्याने राहायला येणारे लोक, त्यांची मुलं, सुना, जावई सगळे साधारण तेच प्रश्न विचारतात. काही तोंडावर, बरेचसे दाराबाहेर कुजबुजत. ऐकू कमी येत असलं तरी कुजबूज चेहऱ्यावर दिसतेच. म्हणून उत्तरं एकदाची लिहून काढली. सगळ्यांना पटतील असं नाही.

तुम्हाला इथे मुलांनी आणून ठेवलं का?

हा प्रश्न विचारणारा उत्तर ठरवूनच आलेला असतो. नाही, मी माझ्या पायांनी आले. जागा बघून, अटी वाचून आले. माझ्या शेजारच्या खोलीतल्या बाईंना मात्र रुग्णालयातून थेट इथे आणलं, आणि कुठे चाललोय ते त्यांना गाडीत बसल्यावर कळलं. दोघींच्या खोल्या सारख्याच, सिस्टर त्याच, खिडकीतून दिसणारं झाडही तेच. तरी सुरुवातीचे महिने दोघींना फार वेगळे गेले. माझं मी ठरवलं होतं, त्यांचं दुसऱ्यांनी.

तेव्हा विचारायचंच असेल तर "ठरवताना तुम्ही होतात का?" असं विचारा. दुखणी काय, माणसं गमावणं काय, ते वयाबरोबर येतंच. पण माणूस मनातून खचतो तो त्याच्याविषयी परस्पर ठरवायला लागले की. पुढची बहुतेक उत्तरं फिरून फिरून याच गोष्टीवर येतात, त्याला माझा इलाज नाही.

वृद्धाश्रमात जाण्याची योग्य वेळ कोणती?

आपण स्वतः जागा बघायला जाऊ शकतो, ती. बहुतेक घरांत हा विषय निघतो तो खुब्याचं हाड मोडल्यावर. रुग्णालयाला खाट मोकळी करायची घाई, मुलांची रजा संपत आलेली, आणि मग जिथे जागा मिळेल तिथे नेतात. जायचं नसलं तरी दोन-तीन ठिकाणं आधी बघून ठेवायला काय हरकत आहे?

बघायला एकदा कळवून जा आणि एकदा न कळवता. न कळवता जाल तेव्हा संध्याकाळ निवडा. सकाळी सगळं आवरलेलं, पुसलेलं असतं. संध्याकाळी राहणारे दमलेले असतात, कर्मचारी कमी असतात, आणि खरं काय ते दिसतं. बेल वाजल्यावर किती वेळाने कोण येतं? खोलीत शिरण्याआधी दार वाजवतात का? चालू शकणाऱ्या माणसालाही सोयीसाठी चाकाच्या खुर्चीत बसवून ठेवलंय का? दिवस मावळत आला तरी लोक रात्रीच्याच कपड्यांत आहेत का? भिंतीचा रंग आणि बागेतले कारंजे बघू नका, ते तुमच्यासाठी आहेत, आमच्यासाठी नाहीत. तिथे काम करणाऱ्यांना विचारा, किती वर्षं आहात इथे? जिथली माणसं दर दोन महिन्यांनी बदलतात, तिथे तुमच्या आईला कुठल्या कुशीवर झोप लागत नाही हे कुणालाच माहीत नसणार.

करारनामा घरी नेऊन वाचा. अंथरुणाला खिळल्यावर ठेवून घेणार की दुसरीकडे न्या म्हणणार? रुग्णालयात दाखल असलो तर त्या दिवसांचे पैसे लागणार का? अनामत रक्कम कधी आणि किती परत? सोडून जायचं तर किती दिवस आधी सांगायचं? थोडे दिवस राहून बघायची सोय असेल तर ती घ्याच. चार भिंती आवडतात की नाही हे दुपारच्या फेरीत कळत नाही.

आईला इथे ठेवताना फार अपराधी वाटतंय. काय करू?

वाटू द्या. पण हिशेबही करा. आम्ही परिचारिका तीन पाळ्यांत जे काम करायचो ते घरात एकटी सून किंवा एकटा मुलगा चोवीस तास करत असतो, वर नोकरी सांभाळून. स्मृतिभ्रंश झालेला माणूस रात्री दोनला उठून दाराची कडी काढायला लागला, की घरातल्या दुसऱ्याने झोपायचं कधी? काळजी घेणारं माणूस आधी आडवं झालं अशी घरं मी पुष्कळ पाहिली आहेत.

फक्त समज शाबूत असलेल्या माणसाशी खोटं बोलू नका. "आठच दिवसांसाठी चाललोय" असं सांगून आणलेला माणूस नवव्या दिवसापासून कुणावरच विश्वास ठेवत नाही, आमच्यावरही नाही. आणि अपराधीपणापोटी दर भेटीला वस्तू आणू नका. खोल्या लहान असतात.

कंटाळा येत नाही का?

येतो. घरीही यायचा. पण इथल्या कंटाळ्याची एक वेगळी जात आहे. उठण्याची वेळ ठरलेली, आंघोळीची ठरलेली, दिवे घालवायची ठरलेली. आपण काही केलं काय, न केलं काय, दिवस तसाच पार पडतो. त्याचा कंटाळा येतो.

१९७६ साली एलेन लँगर आणि ज्युडिथ रोडिन या मानसशास्त्रज्ञांनी अमेरिकेतल्या एका वृद्धाश्रमात केलेला प्रयोग प्रसिद्ध आहे. एका मजल्यावरच्या लोकांना सांगितलं, खोली कशी लावायची, वेळ कसा घालवायचा ते तुमचं तुम्ही ठरवा. रोप हवं असेल तर यातलं निवडून घ्या, त्याची निगा तुम्हीच राखायची. सिनेमा गुरुवारी बघायचा की शुक्रवारी तेही तुम्हीच सांगा. दुसऱ्या मजल्यावरच्यांनाही रोप मिळालं, सिनेमाही मिळाला. फक्त रोप हातात आणून दिलं, पाणी परिचारिका घालणार, आणि सिनेमाचा वार ठरवून दिलेला. तीन आठवड्यांनी पाहिलं तर पहिल्या मजल्यावरची मंडळी जास्त तरतरीत, जास्त मिसळणारी, जास्त खुशीत होती. लोक शंभराच्या आतच होते, तेव्हा एवढ्याशा प्रयोगावर पुढे रचलेले मोठमोठे दावे मला पटत नाहीत. पण मूळ गोष्ट इथे रोज डोळ्यांनी दिसते.

मी काही बाबतींत हट्टी आहे. आंघोळ सकाळच्या रांगेत करत नाही, दुपारी करते. माझे कपडे मीच काढून ठेवते. खिडकी किती उघडायची ते मी सांगते. पुस्तकांचं कपाट मी लावते आणि कुणी पुस्तक बुडवलं तर मी मागे लागते. "नियमात बसत नाही" असं ऐकायला मिळतं, तेव्हा हा नियम कुणाच्या सोयीचा आहे एवढंच विचारते. बऱ्याचदा वाट निघते.

म्हाताऱ्या माणसांना झोप कमीच लागते ना?

गरज फारशी कमी होत नाही, झोप तुटक होते. शरीराचं घड्याळ पुढे सरकतं, म्हणजे झोप लवकर येते आणि लवकर मोडते. गाढ झोपेचा वाटाही घटतो. आता आम्हाला रात्री आठला दिवे घालवून झोपवायचं आणि तीनला जागे झालो म्हणून झोपेच्या गोळीचा विषय काढायचा, हा कुठला न्याय? आठ ते तीन सात तास झाले की.

आजोबा तीच तीच गोष्ट सांगतात. काय करावं?

आधी दोन गोष्टी वेगळ्या करा. दहा मिनिटांत तीच गोष्ट तिसऱ्यांदा, जणू पहिल्यांदाच सांगतोय अशी येत असेल, तर ते डॉक्टरांच्या कानावर घाला. पण दर भेटीला नोकरीचा पहिला दिवस, बदली, भावाशी झालेलं भांडण असं काहीतरी निघत असेल तर ते वेगळं आहे.

रॉबर्ट बटलर नावाचे अमेरिकन मनोविकारतज्ज्ञ होते. पूर्वी म्हाताऱ्यांच्या आठवणी काढण्याला बुद्धी ढळल्याचं लक्षण समजायचे. बटलर यांनी १९६३ साली उलट मांडणी केली, की शेवट जवळ आल्याची जाणीव झाली की माणूस आपलं आयुष्य पुन्हा तपासतो, न सुटलेल्या गाठी सोडवून बघतो, आणि ते अगदी स्वाभाविक आहे. आठवणींच्या अभ्यासात आणखी एक गोष्ट दिसते. साधारण दहाव्या ते तिसाव्या वर्षांमधल्या आठवणी म्हातारपणी सर्वांत दाट असतात. पहिल्यांदा घडलेल्या गोष्टी बहुतेक त्याच काळातल्या.

म्हणून ऐकताना "हे सांगितलंत मागे" म्हणण्याऐवजी गोष्टीच्या कडेला असलेलं काही विचारा. त्या खोलीत आणखी कोण होतं? परत जाताना काय बोललात? मग तीच गोष्ट नव्या वाटेने जाते. आमच्याकडचे एक गृहस्थ भावाशी झालेल्या वाटणीच्या वादाची गोष्ट सारखी सांगायचे. त्यांच्या नातीने एकदा विचारलं, "तुम्ही त्यांच्या जागी असता तर?" त्यानंतर त्यांनी ती गोष्ट सांगितली, पण शेवट बदलून.

मोठ्याने बोललं तरी त्यांना ऐकू येत नाही. आणखी किती ओरडायचं?

ओरडूच नका. वयोमानाने ऐकू कमी येतं तेव्हा आधी उंच पट्टीतले आवाज जातात. स, श, फ, थ यांसारखे उच्चार हवेत विरतात, स्वर तेवढे उरतात. म्हणजे तुम्ही बोलताय हे कळतं, काय बोलताय ते कळत नाही. लहान मुलांचं आणि पातळ आवाजाच्या बायकांचं बोलणं त्यामुळेच जास्त निसटतं. ओरडल्याने स्वर आणखी मोठे होतात आणि तुमचा चेहरा चिडलेला दिसतो, एवढाच काय तो बदल.

समोर बसा, उजेड तुमच्या चेहऱ्यावर पडू द्या, टीव्ही बंद करा, एका वेळी एकानेच बोला. वाक्य कळलं नाही तर तेच पुन्हा न म्हणता वेगळ्या शब्दांत सांगा. आणि "जाऊ दे, काही नाही" हे तर कधीच म्हणू नका. त्या "काही नाही"मध्ये काय गेलं याचा विचार करत आम्ही रात्र काढतो. कानाचं यंत्र घेतलंत तर मेंदूला त्याची सवय व्हायला काही आठवडे लागतात. पहिल्या चार दिवसांत भांड्यांचा आवाज कर्कश लागतो म्हणून यंत्र खणात जातं, ते तिथेच राहतं.

तुम्ही किती गोड आहात! असं म्हटलेलं आवडतं ना?

नाही. "शहाणी ना आमची आजी, घे बरं गोळी" हेही नाही. स्मृतिभ्रंश झालेल्या माणसांशी असं बोबडं, लाडिक बोललं की ती मदतीला जास्त विरोध करतात हे अभ्यासातही दिसलंय. भान कमी झालं तरी आपल्याला लहान केलं जातंय हे माणसाला कळतं. नावाने हाक मारा, पुढे बाई लावा, मावशी म्हणा, काहीही चालेल. कोणतं आवडेल ते आधी विचारा म्हणजे झालं.

भेटायला आल्यावर बोलायचं काय? दहा मिनिटांत विषय संपतात.

कारण तुम्ही तब्येत विचारता. झोप लागली का, जेवलात का, पोट साफ झालं का. हे आम्हाला सिस्टर दिवसातून दोनदा विचारतात, आणि वहीत लिहूनही ठेवतात. तुमच्याकडून तेच नको असतं.

तुमची एखादी खरी अडचण घेऊन या. वरिष्ठ छळतोय, मुलगी बोलत नाही, घर घ्यावं की भाड्याने राहावं. सल्ला मानायलाच हवा असं नाही, आम्हालाही ते कळतं. पण आपल्याला कुणीतरी विचारलं याने पुढचे दोन दिवस चांगले जातात. हाताला काम देता आलं तर त्याहून बरं. जुने फोटो आणून मागे नावं लिहून घ्या. उसवलेली शिवण आणा. मोबाइलमधली गडबड सोडवून द्या, पण फोन हातातून हिसकावून न घेता.

दर आठवड्याला अर्धा तास हे वर्षातून एकदा दिवसभर येण्यापेक्षा बरं. येणार नसाल तर कळवा. वाट बघण्याचं दुःख न येण्याच्या दुःखापेक्षा मोठं असतं. लहान मुलांना आणा, ती दंगा करतील म्हणून घाबरू नका. इथे शांततेची कमतरता नाही.

संस्थांच्या भेटींविषयी एक सांगायचं राहून जाईल. १ ऑक्टोबर हा आंतरराष्ट्रीय ज्येष्ठ नागरिक दिन, संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने १९९० साली ठरवलेला. त्या दिवशी भाषणं होतात, फोटो निघतात, आम्हाला एका रांगेत बसवतात. दुसऱ्या दिवशी कुणी नसतं. आमच्यापैकी कुणाच्या तरी नावानिशी चौकशी करत एखाद्या साध्या मंगळवारी या.

सगळ्यांत जास्त भीती कशाची?

पडण्याची. मरणाच्या आधी हिचा नंबर लागतो. अपघाती मृत्यूंच्या कारणांत रस्ते अपघातांनंतर जगभर दुसरा क्रमांक पडण्याचा आहे, आणि असे मृत्यू ६० वर्षांवरच्या लोकांत सर्वाधिक होतात, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते.

पण भीतीचंही एक चक्र आहे आणि ते मी खाटेच्या दोन्ही बाजूंनी पाहिलंय. एकदा पडलं की माणूस चालणं कमी करतो. चालणं कमी झालं की मांडीचे स्नायू आटतात. स्नायू आटले की तोल जातो. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात धडधाकट ज्येष्ठांना १० दिवस अंथरुणात झोपवून ठेवलं होतं. तेवढ्या काळात त्यांच्या पायांचे जवळपास एक किलो स्नायू गेले. आजारी नसलेल्या माणसांचे! म्हणून "आई, तू बसून राहा, मी आणते" हे प्रेमाने म्हटलं तरी त्याने आईचे पाय जातात.

काय करावं? रात्री उठल्यावर आधी पलंगाच्या कडेला जरा बसा, मग उभे राहा. एकदम उठलं की रक्तदाब खाली येतो आणि डोळ्यांपुढे अंधारी येते. स्वच्छतागृहापर्यंत मंद दिवा रात्रभर ठेवा, कमोडजवळ धरायला दांडा बसवा. मागून उघडी, सैल चप्पल टाकून द्या, बंद आणि घट्ट बसणारी पादत्राणं घ्या. सुटी सतरंजी, पायपुसणं उचला. जवळचं-लांबचं एकाच भिंगात असलेला चष्मा जिना उतरताना दगा देतो, कारण खालची पायरी जवळच्या भिंगातून दिसते. खुर्चीतून हात न टेकता उठायचा आणि बसायचा सराव रोज करा. जमत नसेल तर टेकून करा, पण करा.

एवढं करूनही कुणी पडणारच नाही असं वचन कुठलाही वृद्धाश्रम देऊ शकत नाही. जो देतो तो माणसांना बांधून ठेवत असला पाहिजे. मला विचाराल तर बागेत चालताना पडलेलं मला चालेल. माझ्या मुलांना हे मी लिहून दिलंय, म्हणजे उद्या ती व्यवस्थापकांशी भांडणार नाहीत.

काल आई ठीक होती, आज काहीबाही बोलतेय. वेड लागलं का?

थांबू नका, आजच डॉक्टरांना दाखवा. विसरभोळेपणा महिने-वर्षं घेत वाढतो. काही तासांत किंवा एक-दोन दिवसांत भान हरपलं, मध्येच शुद्धीवर आल्यासारखं वाटून पुन्हा बिघडलं, तर तो बहुतेक वेळा वात असतो, म्हणजे आजारामुळे अचानक आलेला भ्रम, डॉक्टर त्याला डिलिरियम म्हणतात. त्यामागे लघवीचा किंवा छातीचा संसर्ग, पाणी कमी पडणं, बद्धकोष्ठ, तुंबलेली लघवी, नवी सुरू केलेली गोळी असं काहीतरी निघतं, आणि त्यावर उपचार करता येतात. वयाबरोबर तहानेची जाणीव मंदावते, त्यामुळे "तहान लागली नाही" यावर विसंबू नका. आणि दरवेळी माणूस आरडाओरडाच करतो असं नाही. गप्प, गुंगीत पडून राहणाऱ्या माणसाकडे घरचे "आज छान झोपलीये" म्हणून बघत बसतात. तो प्रकार जास्त निसटतो.

इतक्या गोळ्या खरंच लागतात?

कधी लागतात, कधी नाही. हृदयाच्या डॉक्टरांनी दिलेली, सांध्यांच्या डॉक्टरांनी दिलेली, झोपेसाठी कुणीतरी कधीतरी दिलेली, अशा त्या साचत जातात. सगळ्या गोळ्या एका पिशवीत घालून वर्षातून एकदा तरी एकाच डॉक्टरांपुढे ठेवा आणि यातली कुठली बंद करता येईल ते विचारा. स्वतःच्या मनाने बंद करू नका.

इथे मैत्री होते का?

होते, आणि भांडणंही होतात. खिडकीजवळच्या खुर्चीवरून, पंख्याच्या वेगावरून, टीव्हीच्या आवाजावरून. दोघं जण महिनाभर एकमेकांशी बोलत नव्हते, त्याचं कारण वर्तमानपत्राची घडी होती. मला या भांडणांचं वाईट वाटत नाही, भांडायला जीवात जीव लागतो.

वय वाढलं की ओळखीची माणसं कमी होतात, ती सगळीच मरणामुळे नव्हे. लॉरा कार्स्टेन्सन या मानसशास्त्रज्ञ बाईंचं म्हणणं असं, की पुढचा काळ थोडा आहे हे उमगलं की माणूस वरवरची नाती आपणहून गळू देतो आणि मनाजोगत्या थोड्या माणसांशी घट्ट राहतो. मला हे अगदी पटतं. पूर्वी ज्यांच्याशी केवळ रीत म्हणून बोलायचे त्यांना आता फोन करत नाही, आणि त्यांनाही बरं वाटत असावं.

प्रेमं जमतात का, हा प्रश्न तरुण मंडळी हळूच विचारतात. जमतात. मुलांना लाज वाटते, आम्हाला नाही.

पश्चात्ताप कशाचा होतो लोकांना?

संध्याकाळी दिवे लागायच्या सुमाराला बोलणी इकडे वळतात. गेल्या काही वर्षांत मी जे ऐकलं त्यात "असं केलं नसतं तर" पेक्षा "तेव्हा केलं असतं तर" हे कितीतरी जास्त. शिकायचं राहिलं, बोलायचं राहिलं, नको असलेली नोकरी सोडायची राहिली. थॉमस गिलोविच आणि व्हिक्टोरिया मेडवेक यांनी १९९० च्या दशकात हेच दाखवलं. ताजा पश्चात्ताप बहुतेक केलेल्या गोष्टीचा असतो, आणि काळ लोटला की न केलेल्या गोष्टी जास्त टोचतात. कारणही सरळ आहे. केलेल्या चुकीची आपण कशीतरी डागडुजी करतो, मनाची समजूत घालतो. न केलेल्या गोष्टीत डागडुजी करायला काही नसतंच, त्यामुळे ती मनात वाढतच जाते.

यावरून उद्या नोकरी सोडून हिमालय गाठू नका. "राहून गेलं" म्हणणाऱ्यांना विचारलं तर त्यांच्या गोष्टी लहान निघतात. एकाला बासरी शिकायची होती. तो आता शिकतोय, आणि बाजूच्या चार खोल्या त्याचे परिणाम भोगताहेत.

पैशांचं काय करून ठेवावं?

मृत्युपत्र करा, आणि ते केल्याचं निदान दोघांना सांगा. स्वतःच्या नावाचं, स्वतः वापरता येईल असं खातं हात चालतो तोवर ठेवा, मग त्यात थोडे पैसे असले तरी चालतील. मुलांना सगळं देऊन टाकल्यावर साबणासाठीही त्यांच्याकडे मागावं लागतं, आणि देणाराही अवघडतो. न वाचलेल्या कागदावर सही नको, समोर कितीही लाडकं माणूस बसलेलं असो. चष्मा नाही म्हणा आणि कागद ठेवून घ्या.

हे कटू वाटेल, पण जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे ६० वर्षांवरच्या दर सहा जणांपैकी एकाला वर्षभरात कुठल्या ना कुठल्या छळाला तोंड द्यावं लागतं. पैसे काढून घेणंही त्यात येतं. असं होत असेल तर लाज तुम्ही का बाळगायची?

मरणाची भीती वाटते का?

मरणाची नाही, मरताना दुखेल याची थोडी वाटते. परिचारिका असल्यामुळे मला ठाऊक आहे की त्यातलं बरंचसं दुखणं थांबवता येतं, जर कुणी थांबवायला बसलं असेल तर. सिसिली साँडर्स या बाई आधी परिचारिका, मग रुग्णालयातल्या समाजसेविका, आणि मग मरणाऱ्यांकडे कुणी नीट बघत नाही म्हणून डॉक्टर झाल्या. १९६७ साली त्यांनी लंडनमध्ये सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस, म्हणजे मरणाच्या वाटेवरच्या रुग्णांची निगा राखणारं ठिकाण, सुरू केलं. वेदना उसळल्यावर औषध देण्याऐवजी ती उसळण्याआधी ठरावीक वेळेला द्यायचं, हा त्यांचा आग्रह होता. वेदना नुसती शरीराची नसते, मनाची असते, घरच्यांच्या काळजीची असते, श्रद्धेची असते, तीही त्यांनी एकत्र बघितली. आमच्या व्यवसायात मी कुणाला मानत असेन तर त्यांना.

तुम्ही काय करू शकता? शुद्धीत असताना सांगून ठेवा. नळ्या किती लावायच्या, यंत्रावर किती ठेवायचं, शेवटी रुग्णालयात न्यायचं की आपल्याच खाटेवर राहू द्यायचं. तुमच्यातर्फे कोण बोलेल त्याचं नाव ठरवा. लिहून ठेवा, आणि त्याची कायदेशीर रीत तुमच्याकडे काय आहे ते वकिलाला विचारा. घरात हा विषय काढला की "अभद्र बोलू नकोस" म्हणून उडवून लावतात. तुम्ही रेटून बोला. नाहीतर ऐन वेळी मुलं एकमेकांकडे बघत राहतात आणि जो जास्त जोरात रडतो त्याचं चालतं.

तरुणांना एक सल्ला द्यायचा तर?

एकाने भागत नाही. दात सांभाळा. मांड्यांत बळ ठेवा. आपल्याहून वीस वर्षांनी लहान असलेला एखादा मित्र जोडा, बरोबरीचे सगळे एकदमच म्हातारे होतात. हार्वर्डचा १९३८ पासून चाललेला अभ्यास सगळेच सांगतात, की पन्नाशीत ज्यांची नाती समाधानाची होती ते ऐंशीत जास्त निरोगी राहिले. खरं आहे ते, फक्त त्यात सुरुवातीला सगळे पुरुषच होते. त्यांची नाती सांभाळत कोण होतं, हे त्यांच्या बायकांना विचारायला हवं होतं.

मी पुढच्या महिन्यात राहायला येणार आहे. काय घेऊन येऊ, काय करू?

जास्तीचा चष्मा आणा आणि जुन्या चष्म्याचा नंबर लिहून ठेवा. स्वतःची उशी आणा. एक खुर्ची आणता आली तर जिच्यात बसायची सवय आहे तीच आणा. घड्याळ मोठ्या आकड्यांचं. फोटो थोडे, पण त्यातली माणसं कोण ते पाठीमागे लिहिलेले, म्हणजे मावशींना बोलायला विषय मिळतो.

आल्या आल्या रात्रपाळीला कोण असतं त्यांची ओळख करून घ्या. दिवसा दहा जण भेटतात, रात्री दोनला तेच एक-दोघं असतात. तुमच्या सवयी पहिल्याच दिवशी सांगा. दार बंद लागतं की उघडं, उजेडात झोप येते का, कुठल्या कानाने ऐकू येतं. भिडेपोटी गप्प राहिलात तर गैरसोयीचीच पद्धत पडते आणि मग ती मोडायला महिने जातात.

सुरुवातीला करमणार नाही. घरी फोन करून तसं सांगा, त्यात काही गैर नाही. राहायचं की नाही हे मात्र दोन-तीन महिन्यांनी ठरवा, पहिल्या आठवड्यात सगळ्यांनाच परत जायचं असतं. आणि येण्याआधी सगळ्या कपड्यांवर पक्क्या शाईने नाव घालून घ्या. धुलाईत कपडे हमखास बदलतात, आणि माझा निळा स्वेटर सध्या कोण घालतंय ते मला माहीत आहे, पण सिद्ध करता येत नाही.